नऊ मिनिटं

गुरुवार, रात्री उशिरा

आज मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं आणि मला मान वर करवेना.

परवा पहाटे २:४० ला फोन वाजला. आतून आई "कोण गं एवढ्या रात्री?" म्हणेपर्यंत मी लॅपटॉप उघडला होता. पैसे वळते करणारी सर्व्हिस (सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्रॅम) लटकली होती, मागे व्यवहारांची रांग तुंबलेली. रीस्टार्ट केली. २:४९ ला डॅशबोर्ड हिरवागार, म्हणजे सगळं सुरळीत. साहेबांनी आज ती नऊ मिनिटं दोनदा सांगितली.

पण सर्व्हिस मेली तेव्हा काही व्यवहार पुढे जाऊन पोचले होते, फक्त 'पोचले' ही नोंद आमच्याकडे व्हायची होती. उठल्यावर तिने ते इमानेइतबारे पुन्हा पाठवले. ४१ जणांचे पैसे दोनदा कापले गेले. दुपारपर्यंत तक्रारी येत होत्या.

पडणं टळत नाही, पटकन उठा, हे आमच्या धंद्यात आरतीसारखं म्हटलं जातं. मीही म्हणते. दाखला ठरलेला: अपोलो ११, २० जुलै १९६९. चंद्रावर उतरताना रडारचे नको ते संकेत कॉम्प्युटरचा वेळ खात होते, 'काम झेपत नाही' सांगणारा १२०२ चा अलार्म वाजत होता, यंत्र पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत होतं, तरी यान उतरलं. खरंय. पण त्या प्रोग्रॅममधलं प्रत्येक महत्त्वाचं काम आपण कुठवर आलो याची खूण ठेवत जायचं. रीस्टार्टनंतर तिथूनच पुढे, आणि बिनमहत्त्वाची कामं सोडून द्यायची. हे कुणीतरी कितीतरी आधी, शांतपणे बसून लिहिलं होतं. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातही तसंच. काही दिवसांपूर्वीच्या तालमीत असाच अलार्म आला आणि मोहीम उगाच रद्द केली गेली. म्हणून जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या पोराने सगळ्या अलार्मची यादी हाताने लिहून टेबलावर ठेवली होती. ऐनवेळी काही सेकंदांत उत्तर आलं ते त्या कागदावरून.

उलटी गोष्ट ४ जून १९९६ ची, एरियन ५ या युरोपियन रॉकेटची. दिशा मोजणाऱ्या यंत्रात ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या लहान जागेत मावला नाही. चूक आली म्हणजे हार्डवेअर बिघडलं, तेव्हा थांबा, जोडीदार यंत्र सांभाळेल, असा बेत होता. जोडीदारात सॉफ्टवेअर तेच! ते त्याच कारणाने जेमतेम ७२ मिलिसेकंद आधी गेलेलं. गंमत म्हणजे (गंमत कसली) ज्या हिशोबात आकडा मावला नाही तो उड्डाणानंतर लागतच नव्हता, एरियन ४ मधून तसाच उचलून आणलेला. चाळीसेक सेकंदांत रॉकेटच्या चिंधड्या. सावरायची सोय तिथेही होतीच की.

मीटिंगनंतर टीममधला नवा पोरगा हळूच म्हणाला, "ताई, प्रत्येक व्यवहाराला एक नंबर दिला आणि तोच नंबर पुन्हा आला तर नाकारला, असं नाही का करता येणार?" येतं. दोन वर्षं आमच्या यादीत पडलंय ते. मीच दोनदा खाली ढकललं, कारण सर्व्हिस तर लगेच उठते.

चाळीस जणांना संध्याकाळपर्यंत पैसे परत गेले. एकाच्या खात्यात तेवढ्यात शिल्लक उरली नाही आणि त्याचा घराचा हप्ता बाउन्स झाला. उद्या त्याला फोन मी करणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.