616 म्हणजे आजार

शाळेच्या लायब्ररीत आहे मी, बरीच वर्षं झाली. 2 एप्रिलला ऑटिझम जागरूकता दिवस असतो, युनोने 2007 मध्ये ठराव केला तेव्हापासून, त्यामुळे दरवर्षी वरून सूचना येते की काहीतरी करा. मग मी आपलं एक टेबल मांडते, ऑटिझमवरची मुलांची दहाबारा पुस्तकं, वर एक पोस्टर, झालं काम.

यंदा मांडत होते तेवढ्यात तो आला. सहावीतला आहे, मधल्या सुट्टीत रोज येतो कारण ग्राउंडवर फार आवाज असतो, आणि सरळ 594 च्या कप्प्याकडे जातो, म्हणजे गोगलगायी, शिंपले वगैरे. ड्यूई नंबर, म्हणजे लायब्ररीत पुस्तकं विषयवार लावायचे आकडे, त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, मी अडले की खुशाल त्यालाच विचारते. तो ऑटिस्टिक आहे, त्याला माहितीये, वर्गालाही माहितीये, त्यात लपवाछपवी काही नाही.

तर त्याने कव्हर वगैरे बघितलंच नाही, पाठीवरचं लेबल वाचलं. 616.85882.

"मॅडम, हे 616 का?"

म्हटलं, ऑटिझमचा नंबर तोच आहे रे.

"616 म्हणजे आजार. 616.1 हृदयाचे, 616.2 श्वासाचे, 616.3 पोटाचे." मग जरा थांबून, "मला ताप पण नाहीये."

आता काय बोलणार! नंबर छापून आला की आपण चिकटवतो, विचार कोण करतं. गोष्टीची पुस्तकं सुदैवाने कथांमध्ये जातात, पण 'माझा मित्र असा का वागतो' छाप माहितीची सगळी तिथे, दम्याच्या आणि मधुमेहाच्या पुस्तकांच्या रांगेत. इतकी वर्षं मीच लावतेय ती.

मग तो खाली बसला आणि पुस्तकं उघडून दोन ढीग करायला लागला. मला वाटलं साइजप्रमाणे लावतोय. तसं नव्हतं. एका ढिगात बहीण, भाऊ, वर्गमैत्रीण किंवा टीचर सांगतायत, 'तो असं करतो, तेव्हा आपण त्याला समजून घ्यायचं.' दुसऱ्या ढिगात ऑटिस्टिक मूल स्वतः 'मी' म्हणून बोलतंय. पहिल्यात नऊ, दुसऱ्यात तीन. मीच निवडलेली पुस्तकं आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. पोस्टरवर मी 'स्वमग्न मुलांचं जग' असं लिहिलं होतं, ते वाचून म्हणाला, स्वमग्न म्हणजे दुसऱ्यांकडे लक्ष नसलेला ना, पण मला तर सगळ्यांचे आवाज एकदम ऐकू येतात. (पोस्टर काढलं. अक्षर छान आलं होतं, असो.)

नऊच्या ढिगातली दोन त्याने परत माझ्यासमोर ठेवली. मांजरांच्या फोटोंचं पुस्तक आहे ना कॅथी हूपमन यांचं, ते. आमच्याकडे दोन्ही आवृत्त्या आहेत, 2006 च्या नावात 'अ‍ॅस्परगर सिंड्रोम' आणि 2020 च्या नावात 'ऑटिझम स्पेक्ट्रम'. पुस्तक तेच आणि नाव वेगळं कसं, हे त्याला पटेना. सांगितलं की 2013 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्या डीएसएम-5 या मॅन्युअलमधून अ‍ॅस्परगर हे वेगळं निदान काढलं आणि सगळं ऑटिझममध्येच घेतलं. ज्यांच्यावरून ते नाव पडलं त्या व्हिएन्नाच्या डॉक्टर अ‍ॅस्परगरनी नाझी काळात काही मुलांना जिथे मुलं मारली जायची त्या संस्थेत पाठवलं होतं, हे 2018 मध्ये कागदपत्रांवरून बाहेर आलं, ते मात्र सांगितलं नाही. अकरा वर्षांचा आहे. विचारेल तेव्हा बघू.

'मी' वाल्या तिनातलं एक घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत. मला ते फार आवडायचं, शेवटी तो मुलगा स्टेजवर बोलतो आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं दरवेळी. याचा रिपोर्ट असा: "सुरुवातीला बरोबर आहे, गर्दीत तो कान झाकतो. शेवटी चूक आहे. एवढ्या टाळ्या वाजल्या तर तो पळून जाईल. लिहिणारा विसरला."

मी ते पुस्तक परत वाचलं. खरंच विसरलाय.

नंबरांचं म्हणाल तर ती माहितीची सगळी पुस्तकं मी 305.9 ला न्यायची ठरवलीयेत, वेगवेगळ्या लोकांबद्दलच्या पुस्तकांत. कॅटलॉगशी जुळणार नाही म्हणून थोडी बोलणी बसली, बसू देत, रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहितेय. लेबलं लावायला तोच येतो. काम हळू चाललंय, एका सुट्टीत जेमतेम दोन होतात, कारण केसाएवढं जरी वाकडं लागलं तरी तो मला काढून परत लावायला लावतो.