हजेरीचं बक्षीस

"हजेरीचं कसलं बक्षीस? शाळेत जायचंच असतं ना?"

आज लेकीच्या शाळेच्या बक्षीस समारंभात शेजारच्या खुर्चीतल्या बाबांनी मला अगदी मनापासून विचारलं. नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडे द्राक्षबागेत कामाला आहेत. नववीतली त्यांची मुलगी रोज एसटीनं येते. वर्षभरात एकही खाडा नाही.

तिचं नाव पुकारलं सगळ्यात शेवटी. तोवर अर्धा हॉल चहा-सामोशाकडे पळालेला. (आधी तासभर भाषणं. त्यात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकणाऱ्या आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं उदाहरण दोनदा!)

बाबांनी प्रमाणपत्र दुमडलं नाही, शर्टाच्या आत सरळ धरलं. मुलगी म्हणाली, "चला पटकन, गाडी चुकेल."

तेव्हा मी लेकीच्या मेडलचे फोटो काढत होतो. टाळ्या वाजवल्या होत्या का मी?