अकरानंतरचा पाव दर: आमची वाटचाल

रात्रीचे अकरा वाजायला दहा मिनिटं असली की आमच्या टेलिफोन बूथसमोर रांग लागलेली असायची. इचलकरंजीत यंत्रमाग रात्रपाळीलाही चालतात, त्यामुळे त्या वेळीही गावात सामसूम नसते. मागांची खटखट चालू, कोपऱ्यावर चहाची गाडी चालू आणि आमच्या काचेच्या केबिनपुढे पंधरा-वीस माणसं घड्याळाकडे बघत उभी. अकराच्या ठोक्याला एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर दिवसाच्या पावपट व्हायचा. दिवसा लांबच्या गावाला मिनिटाला तीस रुपयांच्या वर लागायचे, तेच बोलणं रात्री आठ-नऊ रुपयांत व्हायचं. माणूस कधी बोलणार, किती बोलणार आणि बोलणार की नाही, हे त्या दरावर ठरायचं. धंद्यातला पहिला धडा मी त्या रांगेत शिकलो आणि आज चौतीस वर्षांनी तिकिटं आणि यात्रा विकतानाही तोच धडा रोज कामाला येतो.

बूथ मिळाला १९९१ साली, दादाच्या नावावर. दादाला लहानपणी पोलिओ झाला होता आणि पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोन, देताना अपंगांना प्राधान्य असायचं. वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होते. अनामत, केबिन, मीटर आणि पिवळी पाटी एवढ्यासाठी आईनं पाटल्या मोडल्या. दादा सकाळी आठ ते रात्री नऊ बसायचा. मी तेव्हा दहावीत होतो, नऊच्या पुढची पाळी माझी.

मीटरवर लाल आकडे पळायचे. आत बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्यात कमी आणि त्या आकड्यांवर जास्त असायचं. विजापूरकडचा एक कामगार दर शनिवारी पगार झाला की यायचा. त्याच्या गावात फोन एका किराणा दुकानात होता. पहिला कॉल फक्त ‘घरच्यांना बोलावून ठेवा’ एवढं सांगायला. त्याचं बिल चुकतं करून तो बाहेर पायरीवर बसायचा आणि वीस मिनिटांनी दुसरा कॉल लावायचा. खिशात विडीच्या पुड्याचा कागद असायचा, त्यावर काय काय विचारायचं ते लिहिलेलं. एकदा त्यानं काउंटरवर वीस रुपये ठेवले आणि म्हणाला, “वीस झाले की बंद कर भाऊ, मला कळत नाही बोलताना.” एकोणीस रुपये काही पैसे दिसले तेव्हा मी काचेवर टकटक केली. त्यानं मान हलवली, पण पलीकडून बायको बोलतच होती. वीस झाल्यावर मी फोन तोडला. त्यानं बाहेर येऊन वीस रुपये माझ्याकडे सरकवले, पावती घडी करून त्या कागदात ठेवली आणि निघून गेला. मी सोळा वर्षांचा होतो. तिचं वाक्य पुरं व्हायला आणखी किती लागले असते, याचा हिशेब मी त्या रात्री कितीतरी वेळ करत होतो. पुढच्या शनिवारपासून त्याच्या कॉलचे वरचे दोन-तीन रुपये आम्ही सोसायचो.

फोनच्या दराचा गावच्या व्यापाराशी काय संबंध होता, ते बूथवर बसल्यामुळे मला आतून दिसलं. मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, पैसे घेतो. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, त्यामुळे त्याला भावाची फारशी गरज नसते. पण जो स्वतः सूत घेऊन कापड विकतो त्याला रोज दोन भाव लागतात, सुताचा आणि कापडाचा. सूत बरंचसं दक्षिणेकडच्या गिरण्यांमधून येतं. कोरं कापड पाली, बालोत्रा, जेतपूर अशा प्रोसेसच्या, म्हणजे रंगाई-छपाईच्या, गावांना जातं. मोठ्या पेढ्यांकडे स्वतःचा फोन होता. त्यांना कोइंबतूरचा भाव सकाळी दहाला कळायचा. चार-सहा मागवाल्याला तोच भाव संध्याकाळी दलाल सांगेल तेव्हा कळणार, आणि दलाल सांगेल तेवढाच कळणार.

आमच्याच गल्लीतल्या पाच मागवाल्यांनी यावर तोड काढली. पाचजण मिळून दिवसा, पूर्ण दराचा एकच कॉल लावायचे, एक भिवंडीला आणि आठवड्यातून एकदा कोइंबतूरला. एकजण केबिनमध्ये, चौघे काचेला कान लावून. बिल आलं की भागिले पाच. पहिल्याच महिन्यात त्यांच्यातल्या एकानं सुताची खरेदी तीन दिवस थांबवली आणि त्याला पोत्यामागे फायदा झाला. तो पेढे घेऊन आला होता. “तुझ्या फोननं मिळवून दिलं” म्हणाला. फोन दूरसंचार खात्याचा होता, पण ते पेढे दादानं देवापुढे ठेवले.

दर उतरायला लागले तेव्हा आम्ही घाबरलो. २००२ च्या जानेवारीत लांब पल्ल्याचा एसटीडी दर एका झटक्यात निम्म्याहून खाली आला. आईनं विचारलं, आता कसं व्हायचं? झालं ते उलटंच. अकराची रांग मोडली, कारण रात्रीपर्यंत थांबायची गरज उरली नाही. लोक दुपारीच फोन करायला लागले, आणि जो आठवड्यातून एकदा यायचा तो दिवसाआड यायला लागला. पुढचं वर्षभर आमचा गल्ला जवळपास तेवढाच राहिला. मागणी होतीच, ती दरानं दाबून धरलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

खरा घाव मोबाईलनं घातला. १९९५ मध्ये देशात मोबाईल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपये पडायचे आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे, त्यामुळे आमच्यासारख्यांना त्याची भीती वाटली नव्हती. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. गड्याच्या, भाजीवालीच्या हातातही हँडसेट दिसायला लागला, कारण नुसता घेऊन ठेवायला खर्च नव्हता. १ मार्च २००६ ला बीएसएनएलनं देशभरात कुठंही मिनिटाला एक रुपया केला. तीस रुपयांचं मिनिट रुपयावर आलं. त्या वर्षाच्या दिवाळीत दादानं केबिनची काच पुसली आणि म्हणाला, “आता इथं झेरॉक्स बसवूया.”

मधल्या काळात आम्ही चार कॉम्प्युटर घेऊन सायबर कॅफे काढला होता, २००० साली, बँकेचं कर्ज काढून. पन्नास रुपये तासानं सुरुवात केली आणि पंधरावर आलो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गावोगावच्या कॅफेंचं जे झालं तेच आमचं झालं, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर शेवटचा कॉम्प्युटरही आम्ही ऑफिसच्या कामाला लावला.

पण कॅफेनं एक गोष्ट दिली: रेल्वेचं ऑनलाइन तिकीट. आयआरसीटीसीची सोय २००२ मध्ये सुरू झाली. त्याआधी इचलकरंजीच्या माणसाला आरक्षणासाठी कोल्हापूर किंवा मिरज गाठावं लागायचं. तिकीट दोनशेचं आणि ते काढायला अर्धा दिवस, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. हा वरचा खर्च तिकिटावर छापलेला नसतो, पण गरिबाला तोच प्रवास करू देत नाही. आम्ही अधिकृत एजन्सी घेतली. स्लीपरच्या तिकिटाला वीस रुपये आणि एसीला चाळीस एवढंच सेवाशुल्क घ्यायची परवानगी असते. तेवढंच घेतो, पावतीवर लिहून देतो. तत्काळ सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बंद असतो, तेव्हा ‘तुमची ओळख लावा’ म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. खिडकीवरून काढायचा फॉर्म मात्र भरून देतो, फुकट.

विमानाचं पहिलं तिकीट आम्ही २००५ मध्ये काढलं. कमी दराच्या विमान कंपन्यांचे दिवस होते, एक रुपयाच्या तिकिटाच्या जाहिराती पेपरात झळकत होत्या. एका सूत व्यापाऱ्याला पुण्याहून चेन्नईला जायचं होतं, पुढं कोइंबतूर. रेल्वेत दोन रात्री जायच्या. विमानाचं भाडं एसी डब्याच्या जवळपास आलं तेव्हा त्यानं दोन दिवसांची किंमत लावली आणि हो म्हणाला. पुढं तो महिन्यातून एकदा स्वतः गिरणीत जाऊन सूत बघायला लागला. आधी नमुना कुरियरनं यायचा आणि माल वेगळा निघाला तर भांडण फोनवर. प्रवास स्वस्त झाला आणि त्याची खराब मालाची कटकट कमी झाली.

या तिकिटांची एक खुबी सांगतो, कारण गिऱ्हाइकाचा त्यात फायदा आहे. विमानातल्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. स्वस्त भावात ठरावीक जागा, त्या संपल्या की पुढचा भाव. सहाजणांचं कुटुंब एकदम शोधायला गेलं आणि स्वस्त जागा चारच उरल्या असतील, तर कॉम्प्युटरचा पडदा सहाही जागा वरच्या भावानं दाखवतो. चार वेगळ्या आणि दोन वेगळ्या काढल्या की पैसे वाचतात. आम्ही प्रत्येक मोठं तिकीट असं तोडून बघतो. २००८ च्या अखेरीस मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनवर कुऱ्हाड चालवली. आता आमची कमाई म्हणजे असलं बारकाईनं बघून दिल्याचे गिऱ्हाइकानं दिलेले पैसे. मला तो व्यवहार जास्त स्वच्छ वाटतो.

एप्रिल २०१७ मध्ये उडान या स्वस्त विमानप्रवासाच्या सरकारी योजनेतलं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला गेलं. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांची मर्यादा, पण ती विमानातल्या अर्ध्या जागांपुरती, आणि सरकारनं कंपनीला तोटा भरून द्यायची मुदत तीन वर्षांची. हा बारीक मजकूर आम्ही काउंटरवर लावला होता. कोल्हापूरहून तिरुपतीचं विमान २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा आमच्याकडे फोनांचा पाऊस पडला. अंबाबाई आणि बालाजी हे आमच्या भागातल्या लोकांना वेगळे वाटतच नाहीत, नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो. हरिप्रिया एक्स्प्रेसनं वीस तासांच्या आसपास बसावं लागतं. गुडघे गेलेल्या माणसाला ते जमत नाही. त्या विमानानं आम्ही पहिल्यांदा नेले ते मागावर आयुष्य काढलेले एक आजोबा आणि त्यांची पत्नी. उजळाईवाडीच्या विमानतळावर आजींनी चपला काढून विमानाच्या पायरीला हात लावला. मुलानं हप्त्यानं पैसे भरले होते. असं विमान कधी चालू, कधी बंद असतं, कारण इंधन महागलं किंवा अनुदान संपलं की गणित बसत नाही. म्हणून आम्ही आजही यात्रेचा आराखडा रेल्वे धरूनच करतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत एकशे बेचाळीस लोकांची तिकिटं आमच्या हातून निघालेली होती. रेल्वेचे पैसे परत आले. एका विमान कंपनीनं मात्र रोख न देता पुढच्या प्रवासाची जमा दाखवली. घरी बसलेल्या कामगाराला पुढच्या प्रवासाची जमा काय कामाची? त्याला महिन्याचा किराणा भरायचा होता. दादा आणि मी एक रात्र बसलो, यादी केली आणि ज्यांची चूल अडली होती त्या एकतीस जणांना आमच्या ठेवीतून पैसे दिले. ती जमा वटायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या एकतीसपैकी बहुतेकजण आजही आमच्याकडेच येतात.

आता सगळ्यात मोठा बदल एसटीनं घडवला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पहिल्या महिन्यात आमच्या मिनी बसच्या यात्रा रिकाम्या गेल्या. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता धरून आमचा माणशी दर अर्ध्या तिकिटापुढं टिकणारच नव्हता. मी वैतागलो होतो. दादा म्हणाला, “अकराची रांग आठव.” मग आम्ही स्वतःची गाडी द्यायचं बंद केलं. बायकांना एसटीनं जाऊ द्यायचं, आणि मुक्काम, जेवण, दर्शनाची वेळ, सोबत एक वाटाड्या एवढंच आपण द्यायचं. जाहिरातीत ‘इतक्यापासून पुढे’ असं लिहायचं नाही, पहिल्या चहापासून शेवटच्या रिक्षापर्यंत सगळा खर्च एका आकड्यात लिहायचा. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, हेही ठळक. आमचा आकडा चाळीस टक्क्यांनी खाली आला आणि माणसं दुपटीहून जास्त झाली. त्यातल्या बऱ्याच जणी लग्नानंतर माहेर सोडून दुसरीकडं कुठं गेल्याच नव्हत्या.

गेल्या महिन्यात बचत गटाच्या अठराजणी पंढरपूरला गेल्या. सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर काम करणाऱ्या एक मावशी त्यांच्या खजिनदार. दर्शन झाल्यावर रात्री भक्त निवासातून त्यांचा फोन आला. व्हिडिओ कॉल, त्यांच्यामागं सतराजणी दाटीवाटीनं बसलेल्या, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. मावशींनी वही पडद्यापुढं धरली. “हे बघा, तिकिटाचं निम्मं वाचलंय. माणशी तीनशे ऐंशी शिल्लक. तेवढ्यात येताना तुळजापूर बसतंय का?” दादानं चष्मा लावला आणि सोलापूर-तुळजापूर गाड्यांचं वेळापत्रक पुढं ओढलं. पाऊण तास फोन चालू होता. शेवटी मावशी म्हणाल्या, “ठेवू का?” दादा म्हणाला, “राहू दे, चालू राहू दे. सगळ्यांचं बोलून होऊ दे.”