तुम्ही विचारलंत म्हणून: पॅकेजनंच कॉन्फिग का बदलून दिली नाही?

"एवढं पॅकेज बनवता, मग अपग्रेड होताना जुनी कॉन्फिग नव्या पद्धतीत बदलून द्यायला काय जातं?" डव्हकॉट 2.4, म्हणजे मेल साठवून लोकांना दाखवणारा सर्व्हर, आमच्या लिनक्स वितरणात आल्यापासून हेच ऐकतोय. एकदाचं सांगून टाकतो.

जानेवारी 2025 मध्ये आलेली ही आवृत्ती 2.3 ची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फायली, स्वीकारत नाही. सुरुवातीलाच 'डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन' लिहिलेलं नसेल तर सर्व्हर उठत नाही. मेल कुठे ठेवायची ते सांगणाऱ्या 'मेल_लोकेशन'च्या जागी 'मेल_ड्रायव्हर' आणि 'मेल_पाथ' आले, वापरकर्त्याचं नाव आणि डोमेन यांच्या जागी लिहायची '%यू', '%डी' ही एकाक्षरी व्हेरिएबल्स गेली. यातलं काहीही मी ठरवलेलं नाही.

आणि कॉन्फिग बदलून देणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती! आळशी म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

माझ्या चाचणीच्या फायलींवर ती झकास चालली. मग एका ॲडमिननं त्याच्या चालू सर्व्हरच्या कॉन्फिगची प्रत पाठवली. एक फाइल दुसरीला आत ओढते, ती आणखी एकीला. मेल कुठे ठेवायची ते दोन ठिकाणी लिहिलेलं, आणि नंतर वाचलं जाईल ते लागू. स्क्रिप्टनं सगळं एकत्र करताना नेमकं पहिलं धरलं. सर्व्हर सुरू झाला, लॉगमध्ये चुकीची एक ओळ नाही. मी लॉगिन केलं तर इनबॉक्स रिकामा. चुकीच्या जागी डव्हकॉटनं गुपचूप नवीन मेलडिर, म्हणजे मेलचं फोल्डर, तयार करून दिली होती.

हे खऱ्या सर्व्हरवर झालं असतं तर? क्लायंटला, म्हणजे मेल वाचायच्या प्रोग्रामला, 'यूआयडी-व्हॅलिडिटी' (मेलबॉक्स तोच आहे की नाही ते सांगणारा आकडा) बदललेली दिसते आणि तो स्वतःकडची साठवलेली प्रत टाकून देतो. जुन्या मेल डिस्कवर सुखरूप, पण माणसासमोर कोरा पडदा. वर नव्या मेल नव्या जागी साचत राहणार, म्हणजे नंतर दोन्ही ढीग एकत्र करत बसा. याउलट डव्हकॉट उठलाच नाही तर मेल पोचवणारा पोस्टफिक्स येणारी मेल रांगेत धरून ठेवतो, मुळातली मुदत 5 दिवसांची. लॉग उघडला की कुठे अडलंय ते कळतं. म्हणून स्क्रिप्ट काढून टाकली.

तुम्ही म्हणाल, अपग्रेडच्या आधी कॉन्फिग छापून दाखवणाऱ्या जुन्या 'डव्हकॉन्फ -एन' या कमांडचं आउटपुट घ्यायचं, त्यात शेवटी लागू होणारं तेवढंच येतं. बरोबर, मीही त्या वाटेनं गेलो. पण त्यात तुम्ही फाइलीत लिहून ठेवलेल्या टिपा येत नाहीत, फायलींची मांडणी राहत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॉलिसीत, म्हणजे पॅकेजांच्या नियमावलीत, 10.7.3 खाली स्पष्ट लिहिलंय की ॲडमिननं केलेले बदल अपग्रेडमध्ये जपलेच पाहिजेत. या कलमाआड मी बरेच दिवस लपलो, हेही कबूल करतो. कलम दाखवलं की वाद मिटतो, समोरच्याचा सर्व्हर मात्र बंदच राहतो.

पूर्वी मी स्वतः सर्व्हर सांभाळायचो आणि पॅकेजवाल्यांना शिव्या घालायचो. तो मी आजही मला विचारतो: ज्यांनी फाइलीला हात लावला नाही त्यांना नवी फाइल आपोआप मिळते, ज्यांनी सगळं स्वतः रचलंय ते स्वतः निस्तरतील. पण ज्यांनी कधीतरी एखादी ओळ बदलली आणि विसरून गेले, त्यांचं काय? त्यांच्यासाठी ती स्क्रिप्ट बहुधा पुरली असती. एकानं लिहिलं की रात्रभर ऑफिसची मेल बंद होती आणि सकाळी बोलणी त्यानं खाल्ली. त्याला काय उत्तर देऊ? "तुझी मेल हरवली तर नाही ना" असं लिहिलं आणि पाठवण्याआधी खोडलं.

स्क्रिप्ट अजून माझ्याकडे आहे. मागणारेही आहेत, पण देत नाही. उद्याही नकारच देईन का, सांगता येत नाही. तोवर अपग्रेडच्या आधी 'डव्हकॉन्फ -एन'चं आउटपुट बाजूला काढून ठेवा, कारण नंतर नवा डव्हकॉन्फ जुनी फाइल वाचायला नकार देतो. एवढं करा, मग या भांडायला.