एकाच गच्चीवरून पडलेले दोघं

मी फॅनफिकची (चाहत्यांनी आपल्या आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या गोष्टींची) बीटा आहे, म्हणजे दुसऱ्यांचं लिखाण पोस्ट व्हायच्या आधी वाचणारी. लोकांना वाटतं मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते. ते सगळ्यात शेवटी हो, आधी बघायचं की पात्र कॅननमध्ये, म्हणजे मूळ कथेत, वागतं तसंच इथे वागतंय का, आणि दोघांनी मिळून लिहिलेला क्रॉसओव्हर (दोन वेगळ्या कथांमधली पात्रं एकत्र आणणारी गोष्ट) असला की दोघांची भांडणं पण आपणच निस्तरायची.

ही केस काही डोक्यातून जात नाहीये. एकीचं फॅन्डम, म्हणजे ती जिची चाहती आहे ती कथा, विनोदी गुप्तहेराचं, दुसऱ्याचं युद्धातलं, काळंकुट्ट. वाटणी नेहमीचीच: ज्याचं पात्र त्यानेच लिहायचं, समोरच्याने शेअर केलेल्या फाइलमध्ये फक्त सजेशन मोडमध्ये (मान्य केला तरच बदल लागतो) सुचवायचं, व्हिटो ज्याचा त्याला. बरीच प्रकरणं मजेत गेली. मग गच्चीचा सीन आला.

गुप्तहेराच्या जगात माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडतो, कपडे झटकतो आणि डायलॉग मारतो. सैनिकाच्या जगात पायात लागलेली गोळी शेवटच्या भागापर्यंत ठणकते. आता हे दोघं पडले एकदम, एकाच फरशीवर. तिने लिहिलं, गुप्तहेर उठला आणि टोपी शोधायला लागला, वर एक जोक. त्याने लिहिलं, सैनिकाची मांडी मोडली, हाड बाहेर आलंय. दोघंही आपापल्या हद्दीत, नियम कोणीच मोडला नाही, पण शेजारी हाड दिसत असताना हा टोपीवर विनोद करतोय म्हटल्यावर तो गोड गुप्तहेर एकदम निर्दयी वाटायला लागला. तिच्या पात्राचा एक शब्दही कोणी बदलला नव्हता, तरी पात्र बदललं होतं. याच्यावर व्हिटो कसा वापरणार?

मग सुरू. त्याने सुचवलं जोक काढ, तिने रिजेक्ट. तिने सुचवलं नुसता पाय मुरगळू दे, त्याने रिजेक्ट. सजेशन मोड कोणी बनवला माहीत नाही पण सहलेखकांना त्याचा भारी राग यायला पाहिजे, नकार देणं इतकं सोपं कशाला करायचं. १९०६ मध्ये फ्रेंच लेखक मोरिस लब्लांने आपल्या आर्सेन लुपँ या चोराच्या गोष्टीत शेरलॉक होम्सला आणून बसवलं, होम्सच्या लेखकाचा, कॉनन डॉयलचा, आक्षेप आला तेव्हा नाव बदलून हर्लॉक शोल्मेस केलं आणि गाडी पुढे. तिथे दुसरा मालक बाहेर होता. इथे दोघं मालक एकाच फाइलमध्ये, कर्सर समोरासमोर.

मी म्हटलं जोक जसाच्या तसा ठेवा, हाडही ठेवा, फक्त सीन सैनिकाच्या पीओव्हीतून, म्हणजे त्याच्या नजरेतून, जाऊ दे आणि एक वाक्य टाका: टोपी शोधताना त्याचे हात थरथरत होते. सैनिक बघतोय म्हणजे वाक्य त्याच्या हद्दीतलं. हे मला अजूनही चोख वाटतं, थोडा गर्वही आहे, कारण त्या वाक्याने आधीचा सगळा विनोद पण वेगळा वाचला जातो.

तिने बऱ्याच वेळाने लिहिलं, "ठीक". कॅननमध्ये तिचा गुप्तहेर कधीच घाबरत नाही, तोच तर त्याचा पॉइंट आहे. वाचकांना नेमकं तेच वाक्य आवडलं, बाकी नेहमीचं "पुढचा भाग कधी", जसं काही आम्ही मशीन आहोत.

पोस्ट करताना तिने स्वतःच्याच पात्रापुढे टॅग लावला, "ओओसी", आउट ऑफ कॅरेक्टर, म्हणजे पात्र मूळ स्वभाव सोडून वागतंय. तो मला विचारतोय, काढायला सांगू का तिला, लोक उगाच बिचकतील. मी सांगितलंय, टॅगला हात लावायचा नाही.