तंबोऱ्याची गवसणी

आभाळाला गवसणी घालणारी माणसं मी पाहिलेली नाहीत. तंबोऱ्याला गवसणी घालायला मात्र मला साडेतीन महिने लागले.

हिचा तंबोरा मिरजेचा. 2009 साली आम्ही दोघं जाऊन घेऊन आलो होतो, आणि महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये कल्याण येईपर्यंत रात्रभर मी तो तान्ह्या बाळासारखा सांभाळला होता. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ही घरात अशी फिरत होती की जणू अर्ज हिनेच केला होता. त्या तंबोऱ्याची मूळची गवसणी, म्हणजे खोळ, यंदा जूनमध्ये ठाण्यात नौपाड्याला रिक्षातून उतरताना कडीत अडकली आणि भोपळ्यापासून मानेपर्यंत टर्रकन फाटली. बाजारात तयार मिळते ती रेक्झिनची पिशवी. ती आणून पाहिली, तर तंबोरा आत मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखा हिंदकळत होता. परत केली. आणि रात्री जेवताना मी म्हणालो, "मी शिवतो."

हिने आमटी वाढायची थांबवली. "अहो, तुम्ही बटण तरी लावलंय का कधी?"

माझ्याकडे भांडवल म्हणाल तर आईचं काळं पायमशीन, शाळेतल्या चित्रकलेच्या इंटरमीडिएट ग्रेड परीक्षेतली सी ग्रेड, आणि तलावपाळीवर संध्याकाळी काढलेले फोनमधले ढीगभर फोटो. दिवसा मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब लिहितो.

सुरुवात चित्रापासून केली, कारण तिथे कापड फुकट जाणार नव्हतं. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे पुढून सपाट तबली आणि मागे फुगीर पाठ. सपाट कापडाला फुगीर करायचं तर संत्र्याच्या सालीसारख्या फाका कापाव्या लागतात, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये रुंद. तबलीच्या एका काठापासून पाठीवरून दुसऱ्या काठापर्यंत टेप धरली, 24 इंच आले. सहा फाका, म्हणजे प्रत्येक मधोमध 4 इंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत माया (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), झाले पावणेपाच. (शिवणीत जे कापड जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात.) कर्तव्यभूमितीतला कंपास शोधून काढला, ग्राफपेपरवर एक फाक सुबक काढली, आणि तीच सहा वेळा मांजरपाटावर कापली.

सहाच्या सहा जोडून भोपळ्यावर चढवल्या तर डावीकडे झोळ आणि उजवीकडे इतकी तंग की शिवण करकरली. मी माझ्या कातरीला शिव्या दिल्या. मग भोपळ्याकडे नीट पाहिलं. तो वेलीवर वाढलेला आहे, त्याने कंपास पाहिलेला नाही. जमिनीवर ज्या अंगावर टेकून पिकला असेल ते अंग चपटं, दुसरं फुगलेलं. इतकी वर्षं हा तंबोरा घरात आहे आणि तो एका कुशीला वाकडा आहे हे मला मांजरपाटाने सांगितलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "मला माहितीये. मांडीला लागतो ना तो."

म्हणून गणित सोडलं आणि साचा घेतला. भोपळ्यावर आधी क्लिंग फिल्म, वरून मास्किंग टेप आडवी-उभी. नुसती टेप लावायला हिने साफ नकार दिला होता, पॉलिश निघालं असतं. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तिच्या मध्यावरून खाली एक रेषा मारली, तिथून सहा रेषा, प्रत्येक भागावर आकडा आणि वरच्या दिशेचा बाण. मग त्या रेषांवरून कातरीने हलकेच कापत टेपचं कवच उतरवलं. चटईवर पसरलं तर सहा फाका सहा तऱ्हेच्या. तिसरी सगळ्यांत जाडी, पाचवी बारीक आणि जराशी तिरकी. त्या ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या, माया वाढवली. या वेळी मांजरपाट भोपळ्यावर असं बसलं की त्यावरून हात फिरवत बसलो.

खरी गवसणी तीन थरांची करायची होती. बाहेर गडद हिरवा कॅनव्हास, आत मऊ फलालीन, मध्ये 5 मिलिमीटरचा फोम. आणि इथे मी आणखी एकदा आपटलो. तिन्ही थर एकाच मापाने कापले. जुळवायला गेलो तर बाहेरचा कॅनव्हास आखूड पडतोय. आधी वाटलं कापड आटलं. पण कॅनव्हास आणि फलालीन मी दोन्ही आधीच भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले होते, कारण नवं सुती कापड धुतल्यावर आटतं एवढं आईकडून ऐकून माहीत होतं. मग कागदावर अर्धवर्तुळ काढलं आणि त्याच्या बाहेरून दुसरं. जाडीमुळे बाहेरचा कंस लांब होतो. अर्ध्या वर्तुळाला जाडीच्या तिपटीहून थोडा जास्त: 5 मिलिमीटरला साधारण 16. ते इंची टेपवर मोजलं तर बरोबर पाच सूत. पाच सूत सहा फाकांत वाटले, म्हणजे प्रत्येक फाकेला सूतभरही नाही. पण तेवढ्याने कॅनव्हास जागेवर आला. सी ग्रेडवाल्याला हे सुचलं याचा मला अजून अभिमान आहे, आणि मी तो पाहुण्यांना सांगतो.

आता मशीन. पायमशीन चालवणाऱ्या बायका बघताना वाटतं की पाय आपोआप हलतात. मी पायपट्टी दाबली की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढून सुरुवात द्यायची आणि मग पायाने ती लय धरायची, हे जमायला आठ दिवस गेले. ते आठ दिवस मी दोरा न ओवता, वहीच्या रेघांवरून नुसती सुई चालवली. शिवणाच्या क्लासात पहिले धडे असेच देतात म्हणे. हिशेबाच्या जुन्या वह्यांना अखेर उपयोग झाला.

दोरा ओवल्यावर नवा प्रश्न. वरून टीप सरळ, खाली दोऱ्याचा नुसता गुंता. मी बॉबिन केसचा स्क्रू पिळला, परत सोडवला, तेल घातलं, बॉबिन बदललं. शेवटी चरईतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांना घरी आणलं. त्यांनी मशीनला हातही लावायच्या आधी विचारलं, "दोरा ओवताना पाय वर होता का खाली?" म्हणजे सुईजवळचा, कापड दाबणारा. खाली होता. पाय खाली असला की टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरून नुसता मोकळा जातो, आणि त्याचा हिशेब खालच्या बाजूला दिसतो. मी चार दिवस बॉबिनचा छळ करत होतो. काकांनी ढिला चामडी पट्टा थोडा कापून घट्ट जोडून दिला, पैसे त्याचेच घेतले, आणि जाताना म्हणाले, "जाड आहे. अठरा नंबरची सुई लावा. आणि जिथे शिवणीवर शिवण येते तिथे पायाने नाही, चाक हाताने फिरवा." मी हे ऐकलं, मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी सहा फाका जिथे एकत्र येतात त्या उंचवट्यावर पायानेच गेलो. सुईचं टोक चष्म्यावर येऊन टिणकन वाजलं. चष्मा होता म्हणून बरं. त्यानंतर मी शहाणा झालो.

फोमचा त्रास निराळा. तो मशीनच्या पायाला चिकटतो, दाते कापड पुढे ढकलतात आणि फोम मागे राहतो. यावर उपाय हिच्या आतेबहिणीने फोनवर सांगितला: वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, तिच्यावरून टीप मारा, मग पट्टी फाडून टाका. झकास चाललं. फलालीनला शाई लागू नये म्हणून नंतर ट्रेसिंग पेपरचे तुकडे वापरले.

चेन जांभळी नाक्याजवळच्या गल्लीतून मीटरवर घेतली, पाच नंबरची, दीड मीटर, रनर वेगळा. दुकानदार मला "ताई कुठल्या मापाची म्हणाल्या?" असं विचारत राहिला. मीच शिवतोय म्हटल्यावर त्याने एक रनर फुकट दिला. रनर बसवताना दोन्ही बाजूंचे दात एकदम आत सरकवावे लागतात. तो खेळ एका संध्याकाळचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गवसणी तयार झाली. तंबोरा आत गेला, खुंट्यांशी अडला नाही, घोडीवर दाब नाही. पुढच्या बाजूला तारा आणि जवारीचा दोरा (घोडीवर तारांखाली सरकवतात तो) ठेवायला खिसा. पुण्याच्या भाचीने, तीही गाणं शिकते, लगेच फर्मावलं: "मामा, फोटो पाठव."

रात्रीच फोटो काढला, पांढरी चादर अंथरून, ट्यूबलाइट आणि दिवाणखान्यातला पिवळा बल्ब दोन्ही लावून. हिरवा कॅनव्हास काळा आला, चादर एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला हळदीची. जवळून काढल्यामुळे भोपळा हत्तीएवढा आणि मान उदबत्तीएवढी. भाचीने उत्तर पाठवलं, "काळी का शिवलीस?"

रविवारी सकाळी नीट बसलो. दिवे बंद. पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलवर उरलेला ट्रेसिंग पेपर चिकटवला, ऊन एकदम मऊ झालं. पांढरी चादर काढली, कारण एवढं पांढरं दिसलं की फोन सगळंच अंधारं करतो. तिथे चटई आली. उलट बाजूला फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल उभं केलं, त्यावरून सावलीत थोडा उजेड परतला. आणि मागे सरकून दुपटीने जवळ आणणारी लेन्स घेतली. मागे सरकायला आमची खोली पुरेना, म्हणून मी दार उघडून जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी माझ्याकडे, आत चटईवर निजलेल्या हिरव्या आकाराकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तंबोरा आहे," मी म्हणालो. त्या "बरं" म्हणून गेल्या.

हिरवा हिरवा आला. पण फोनच्या पडद्यावर मी रेघांची जाळी चालू ठेवली होती, आणि त्या सरळ रेघेशेजारी माझी चेन दिसली. नुसती लाट. हातात घेऊन दहादा पाहिली होती, कधी दिसली नव्हती. फाकेची कड तिरकी कापलेली असते, मशीनखाली ती ताणली जाते, चेन काही ताणत नाही. मग ताणलेलं कापड सैल झालं की चेन वळवळते.

ही म्हणाली, "राहू द्या हो, कोण बघतंय?" मी उसवायला बसलो. दीड मीटर, दुहेरी टीप. या वेळी आधी हाताने कच्चे टाके घातले, कापड न ताणता, आणि मगच मशीनवर घेतलं. चेन सरळ बसली, पण कॅनव्हासवर जुन्या टिपेची भोकं तशीच राहिली. अठरा नंबरच्या सुईची भोकं बुजत नाहीत. ती झाकायला पट्टी हवी होती. हिने कपाटातून खण काढला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, ब्लाउजसाठी ठेवलेला. "अर्धाच घ्या. बाहीला कमी पडलं तर तुमच्या शर्टाचं लावीन." भोकांची ओळ वळणावरची, म्हणून खण तिरका, उरेब कापला. या वेळी तिरकेपणा माझ्या बाजूने होता, पट्टी वळणावर निमूट बसली.

दुसरा फोटो खणामुळे अवघड झाला. उभे धागे लाल, आडवे जांभळे, धूपछाव. खिडकी डावीकडे असताना पट्टी डाळिंबी, चटई अर्धी फिरवली की वांगी रंगाची. आणि बारीक बुट्ट्यांवर पडद्यात पाण्यासारखे तरंग उठायचे. पाऊलभर मागे गेलो तेव्हा ते गेले. उजेड एका अंगाने घेतल्यावर टिपेचा एकेक टाका सावलीसकट वर आला. दोन्ही रंगांचे दोन फोटो पाठवले, म्हटलं एकच पट्टी आहे, ओळख.

भाचीने रंगाचं काही विचारलं नाही. तिला साचा हवा होता. मी सहा फाका फोटो काढून पाठवणार होतो, मग थांबलो. त्या आमच्या भोपळ्याच्या आहेत. तिला क्लिंग फिल्म आणि मास्किंग टेप आणायला सांगितलं. परवा तिचा फोटो आला: टेपने गुंडाळलेला तिचा तंबोरा, शेजारी मार्कर, आणि खाली प्रश्न, "मामा, पहिली रेघ कुठून?"

घोडीच्या मध्यावरून, मी लिहिलं. आणि बाण काढायला विसरू नकोस.