संकगिरी ते कवठेमहांकाळ : टोलच्या मेसेजवर आलेली गाडी

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, तिथून बसनं सेलम आणि पुढं लोकल बसनं तमिळनाडूतलं संकगिरी. जुना ट्रक घ्यायला जायचा प्रवास एवढाच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मामा दोन्ही गाड्यांत झोपून होता. "येताना जागायचंय, आत्ता कशाला जागू?" म्हणाला.

ट्रक घ्यायला सांगलीहून एवढ्या लांब का गेलो, असं घरी सगळ्यांनीच विचारलं. नामक्कल, संकगिरी, तिरुचेंगोडे हा पट्टा म्हणजे लॉऱ्यांचं माहेर. ट्रकचा हौदा बांधणारे, स्प्रिंगचे पाटे ठोकणारे, टायर रिमोल्ड करणारे, जुन्या गाड्यांचे दलाल, सगळे इथं शेजारी-शेजारी. आपल्याकडं दुष्काळात बोअर मारायला येणाऱ्या गाड्या आठवा, त्यांतल्या कितीतरी तिरुचेंगोड्याच्या. शिवाय आमच्या बजेटात इथं आपल्याकडच्यापेक्षा दोन वर्षं नवी गाडी मिळत होती. बेदाण्याचे बॉक्स आणि हळदीची पोती वाहायला दहाचाकी हवी होती, ती फोटोत बघून ठरवली होती. टीएन ३४, पिवळी केबिन, कपाळावर तमिळमध्ये 'मुरुगन तुणै', म्हणजे मुरुगन देवाची साथ.

मामानं गाडी बघितली ती खालून. तासभर चासीखाली होता. मी तोवर कागद बघत बसलो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि ठसा आरसीशी ताडून पाहिला. एनओसी मागाहून कुरियरनं येणार होती, तोवर गाडी जुन्या मालकाच्याच नावावर. आणि फास्टॅगही त्याचाच.

हा फास्टॅग पुढं एवढा महत्त्वाचा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. डीलर म्हणाला, टॅगमध्ये तुम्ही पैसे भरा आणि घरी जा, मग तो बंद करू. टॅगशिवाय गेलं तर नाक्यावर जादा कापतात. जुना मालक शेजारी उभा होता. साठीचा, पांढरी लुंगी, कपाळाला विभूती. त्यानं मला विचारलं, "गाव कुठला?" मी चमकलोच. तरुणपणी तो बोअरच्या गाडीवर होता, जत, आटपाडी सगळं फिरलेला. त्याचं मराठी तेवढ्याच कामापुरतं होतं : फूट, केसिंग, धूळ, पाणी लागला, पाणी नाय लागला.

निघताना त्यानं कापूर लावला आणि चारही बाजूंच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मामानं गाडी पुढं घेतली तशी ती फटफट फुटली. अण्णा, म्हणजे तो जुना मालक, मागं वळून न बघता चहाच्या टपरीकडं गेला.

सेलम सोडल्यावर तोप्पूरचा घाट लागतो. धर्मपुरीकडून उतरताना तो वाईट, अपघातांसाठी बदनाम आहे. आम्ही चढत होतो आणि गाडी रिकामी, त्यामुळं निभावलं. पुढं टोल गेला आणि पाच मिनिटांत फोन वाजला.

"तंबी, टोल आला. बरा आहे?"

अण्णाच होता; तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्याच्या मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज जात होता. कृष्णगिरीला पुन्हा फोन. होसूर येईस्तोवर मामा वैतागला. "पोरगी सासरी धाडलीय का ह्यानं?" हद्दीवर कागद दाखवले, रात्री नाइस रोडनं बेंगळुरूला वळसा घातला आणि तुमकुरूच्या पुढं एका ढाब्यावर केबिनमध्येच आडवे झालो. इथून पुढं आपला पी. बी. रोड, पुणे-बेंगळुरू. मामाला एवढ्यानंच घरी आल्यासारखं वाटायला लागलं.

सकाळी हिरियूरचा टोल ओलांडला. लांब डोंगरावर चित्रदुर्गाकडच्या पवनचक्क्या दिसत होत्या, मी त्या मोजत होतो आणि मामाचं लक्ष हवेच्या दाबाच्या काट्यावर होतं. "हवा उतरतीया," म्हणाला. एअर ब्रेकच्या गाडीचं असं असतं : हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले. टाकीतला दाब फार खाली गेला की आतल्या स्प्रिंगा चाकं धरून बसतात आणि गाडी जागची हलत नाही. तशी ती रस्त्यात बसायच्या आत त्यानं कडेला घेतली.

मग शोध सुरू झाला. साबणाचा फेस करून मामा एकेका जोडावर लावत होता. गळती असेल तिथं बुडबुडे यायला हवेत. टाक्या झाल्या, ब्रेकचे डबे झाले. ऊन डोक्यावर आलं. तीन तास गेले. फुसफुस ऐकू येत होती, पण शेजारून गाड्या अशा धडधडत जात होत्या की ती नक्की कुठून येते ते कळेना.

तेवढ्यात फोन.

"तंबी, पुढचा टोल नाय आला."

सांगितलं. पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "केबिन उचल. गिअरबॉक्सवर काळा पाइप. क्लिपखाली घासतो."

केबिन उचलली. क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी चीर होती.

मामानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आवो, म्हाईत हुतं तर तवाच का सांगिटलं न्हाई?"

"डीलर बोलू नको म्हणला," तो म्हणाला. नंतर काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना.

खरं तर मीही चिडलो होतो. पण फोन न करता तो गप्प बसला असता तर? हिरियूरहून मिस्त्री आला, चिरलेला तुकडा कापून मध्ये पितळी निपल घातला, क्लिप लावल्या. काटा चढला. दावणगेऱ्यात लोण्याचे दोन-दोन डोसे खाल्ले आणि तिथून अण्णाला मीच फोन केला.

हुबळी-धारवाडचा बायपास अंधारात लागला. समोरच्या दिव्यांनी मामाचे डोळे दिपले म्हणून कित्तूरच्या अलीकडं थांबलो. सकाळी तवंदी घाट उतरताना मात्र मी श्वास धरून काट्याकडं बघत होतो. मामानं गाडी तिसऱ्यात टाकली. "ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक हाय म्हणून दाबत बसायचं न्हाई." काटा हलला नाही. कोगनोळीच्या अलीकडं डिझेल भरलं, तेव्हा कर्नाटकात स्वस्त पडायचं म्हणून आपल्याकडचे सगळेच भरायचे.

कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा पूल, मिरज. शेवटचा टोल बोरगावचा. घराच्या वळणावर आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. केबिनवरून ओवाळून टाकते तोच खिशात फोन.

"बोरगाव आला. पोचली?"

"पोचली, अण्णा."

"डिझेल किती लागला?"

"दोनशे लिटर."

"जास्त. एवढ्या रस्त्याला मी एकशेऐंशी जाळतो. मामा जोरात चालवतो."

फोन स्पीकरवर होता. मामा नारळ फोडायला वाकला होता, तो तसाच वर बघत राहिला.